सोहोचे ‘स्वान’ नकाशे: दोन महिने रोज उघडून पाहिल्यावर

सोहो या अंतराळयानावरच्या ‘स्वान’ उपकरणाने टिपलेला आकाशाचा नकाशा पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, टीव्हीवर मुंग्या आल्यात. मी वर्षानुवर्षं दुर्बिणीतून धूमकेतू पाहत आलेय. डोकं, शेपूट, हिरवट झाक, सगळं ओळखीचं. इथे यातलं काहीच नाही. सगळं आकाश एका लंबगोलात पसरलेलं, त्यावर ठिपके, आणि त्यातला एखादा धूमकेतू. तो कुठला ते तुम्हीच शोधायचं.

सोहो यान २ डिसेंबर १९९५ ला सुटलं आणि सूर्याच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, ठाण मांडून बसलं. त्यावरचं स्वान हे फ्रान्स आणि फिनलंडने मिळून बनवलेलं उपकरण. हायड्रोजनचे अणू उन्हात ज्या अतिनील प्रकाशाने उजळतात तो, म्हणजे १२१.६ नॅनोमीटरचा लायमन-अल्फा, ते टिपतं. आपली हवा हा प्रकाश पूर्ण गिळते, त्यामुळे जमिनीवरची दुर्बीण कितीही मोठी घेतलीत तरी उपयोग शून्य. नकाशे मात्र कुणालाही फुकट बघता येतात.

आणि पाहण्यासारखं खरंच आहे. धूमकेतूतून निघालेल्या पाण्याच्या वाफेचा रेणू, सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावर, साधारण दिवसभरात फुटतो. सुटलेला हायड्रोजन सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने पळतो आणि कित्येक दिवस टिकतो. मग ढग फुगत जातो. १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतूभोवतीचा ढग स्वानला १० कोटी किलोमीटर रुंद दिसला. सूर्याच्या व्यासाच्या सत्तरपट! त्याचं केंद्रक, म्हणजे मधला बर्फ-धुळीचा गोळा, पुरतं शंभर किलोमीटरचंही नाही. असे ढग असतात हे १९७० मध्ये ओएओ-२ या उपग्रहाने टागो-सातो-कोसाका धूमकेतूभोवती दाखवून दिलं होतं. पण रोज उठून आपण स्वतः ते बघू शकतो ही गंमत स्वानमुळेच.

आता तक्रारी. नकाशातला एक चौकोन एक अंशाचा, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. त्यामुळे धूमकेतूचं नेमकं स्थान इथून मिळायचं नाही. नकाशे ताजेही नसतात, काही दिवस शिळे असतात. सूर्याजवळचा आणि त्याच्या बरोबर समोरचा भाग कोराच. शिवाय तापलेले निळे तारेही यात लखलखतात. नवव्या दिवशी मृग नक्षत्राजवळ मला ‘धूमकेतू’ सापडला. मी मैत्रिणीला रात्री साडेअकराला फोन केला. तिने विचारलं, “हललाय का?” तीन दिवसांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहिले. जागचा हलला नव्हता. तारा होता. तेव्हापासून एकच नकाशा कधी बघत नाही.

चिकाटीवाल्यांना मात्र खरंच सापडतात. ऑस्ट्रेलियाचे हौशी निरीक्षक मायकेल मॅटियाझो यांना मार्च २०२० च्या नकाशांत सी/२०२० एफ८ हा धूमकेतू दिसला. युक्रेनच्या व्लादिमीर बेझुग्ली यांना सप्टेंबर २०२५ मध्ये सी/२०२५ आर२. हा तर तेव्हा सूर्याच्या अगदी जवळून जात होता आणि सूर्याच्याच चकाकीत जमिनीवरच्या दुर्बिणींना चकवून बसला होता.

पण नकाशात ठळक दिसला म्हणून गच्चीवर सतरंजी टाकायची घाई करू नका. स्वानला पाण्यातून सुटलेला हायड्रोजन दिसतो, आणि आपल्या डोळ्यांना दिसते ती मुख्यतः धूळ आणि कार्बनचा वायू. एफ८ नकाशात झोकात उगवला, मे महिन्यात नुसत्या डोळ्यांनी कसाबसा दिसण्याइतका झाला आणि सूर्याजवळ पोचायच्या आधीच मंदावला. एप्रिल २०२५ चा सी/२०२५ एफ२ हा धूमकेतू तर वाटेतच विखुरला. अचानक वाढलेला हायड्रोजन कधी कधी केंद्रक फुटत असल्याचंही लक्षण असतं.

पाचपैकी चार तारे देईन. एक कापला तो त्या एक अंशाच्या चौकोनासाठी, जरी मूळ उपकरण धूमकेतूंसाठी नव्हतंच. सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत सुटणारा कणांचा झोत, सूर्यमालेतल्या हायड्रोजनला कुठे कसा कोरतो ते पाहायला पाठवलेलं. आणि मोबाईलवर बघू नका. अख्खा धूमकेतू अंगठ्याखाली झाकला जातो.