महिना अकराशे, केबिन चौदा आणि जिन्याची तिसरी पायरी

नाशिकच्या अशोक स्तंभाच्या मागच्या एका बोळात ही अभ्यासिका आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही. फी महिना ११०० रुपये, लॉकरचे १०० वेगळे. बसणारे सगळे एमपीएससी, तलाठी नाहीतर पोलीस भरतीवाले. पन्नाशीची मी एकटीच, आणि चालू घडामोडींचा अंक जवळ न बाळगणारीही मीच एकटी. पहिल्याच दिवशी शेजारच्या केबिनमधल्या मुलीने विचारलं, "काकू, कोणत्या पोस्टची तयारी?" म्हटलं, "कादंबरीची." तर म्हणे, "जाहिरात आली का तिची?"

घर सोडून इथे का आले, ते आधी सांगते. पहिल्या दोन कादंबऱ्या प्रकाशकाने काढल्या. करार दहा टक्के रॉयल्टीचा, आणि हिशेबाचा कागद तीनदा आठवण केल्यावर एकदा आला. म्हणून तिसरी स्वतः छापायची ठरवली. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर एका बाजूला हस्तलिखित, दुसऱ्या बाजूला कोटेशनं, खाकी कागद आणि सेलोटेप. नायिका नदीकाठी पोचली की फोन वाजायचा: ताई, मुखपृष्ठाला ग्लॉस लॅमिनेशन की मॅट? मॅट सांगून परत यावं तर नायिका घरी गेलेली असायची.

सार्वजनिक वाचनालयाची मी जुनी सभासद आहे. १८४० सालची संस्था, माझा जीव आहे तिच्यावर. पण तिथे ओळखीची माणसं भेटतात, "नवीन काय?" विचारतात, आणि काय ते एकदा सांगून टाकलं की लिहायची खुमखुमी निम्मी होते.

इथे मला कोणी ओळखत नाही. शिवाय एक कडक नियम आहे: मोबाइल दारातल्या लाकडी पेटीत. बोलायचंच असेल तर जिन्यात जा. वरच्या पायऱ्यांवर रेंज जाते, म्हणून खालून तिसरी पायरी हे माझं ऑफिस झालं. आठ ते साडेअकरा केबिन, मग अर्धा तास पायरी. या सोयीसाठी मी अकराशे काय, पंधराशेही दिले असते. (मालकांनी हे वाचू नये.)

पायरीवर बऱ्याच गोष्टी कळल्या. पुस्तक छापून देणाऱ्या एका पॅकेजवाल्याने आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, अडीच हजार सांगितले. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून फोन तिथेच ठेवला. सीए म्हणाले, "ताई, प्रकाशक देतो ती रॉयल्टी. जुन्या करप्रणालीत तिच्यावर आयकरात तीन लाखांपर्यंत वजावट मिळते. तुम्ही स्वतः छापून विकाल तो धंदा, त्याला ही वजावट नाही. पावत्या जपून ठेवा." तीन लाख ऐकून जिन्यातच हसू आलं. माझ्या दोन्ही पुस्तकांची मिळून रॉयल्टी १८,४०० रुपये.

पण खरा पेच वजनाचा झाला. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची पुस्तकं स्वस्तात पाठवायची ज्ञान पोस्ट सुरू झाली आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. (शेजारच्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुमची पोस्ट हीच का काकू?") प्रिंटरने दिलेली २८८ पानांची डमी खाकी कागदात गुंडाळून किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली. ३४० ग्रॅम! सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) कागदावर चाळीस ग्रॅम म्हणजे जवळपास चाळीस पानं. छपाईत सुटी पानं कमी होत नाहीत, सोळा पानांचा फर्मा जातो. म्हणजे तीन फर्मे कापा.

पायरीवर बसले असताना लगेच सापडली पानं. लासलगावच्या कांदा लिलावाचा प्रसंग, चांगला बावीस पानांचा. उडवा. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये तोच प्रसंग वाचला. ट्रॉलीवर उभा राहिलेला बाप, व्यापारी पुढच्या ट्रॉलीकडे सरकले तरी हातात कांदा तसाच धरून. एक ओळ हलेना. मात्र त्याच्या पुढचं पंचवटीतल्या वाड्याचं वर्णन निव्वळ मला आवडतं म्हणून तिथे होतं. अठरा पानं! काटा मध्ये आला नसता तर मी त्याला जन्मात हात लावला नसता. अठरा काढली, सांधा जुळवायला दोन नवी लिहिली. एक फर्मा गेला, २७२ पानं राहिली. वजन ३२३. वरचे तेवीस ग्रॅम आता माझ्या खिशातून जातील, जाऊ देत.

आता तक्रारी. चौदा नंबरचा पंखा तीनवर ठेवला तर कागद उडतात, दोनवर ठेवला तर घाम फुटतो. खुर्ची प्लॅस्टिकची, उशी घरून आणा. वर पत्रा असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर बसणं अशक्य. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखे चालतात, दिवे नाहीत. पाण्याचा जार संपला तर तो बदलायचा कोणी यावर रोज वाद होतो, आणि शेवटी काकूच बदलतात. वायफाय आहे म्हणतात. मी पासवर्ड विचारलेला नाही, विचारणारही नाही.

शांतता मात्र नंबर एक. परीक्षा जवळ आली की पान उलटल्याचाही आवाज येतो. त्या मुलांकडे बघून आपसूक मान खाली जाते. संध्याकाळी सहानंतर जागा मिळत नाही, सकाळी आठला हवी ती मिळते.

पुढच्या तीन महिन्यांचे पैसे परवा भरले. मालकांनी पावती केली, ती सीएंसाठी फाइलला लावली. पेन खिशात ठेवता ठेवता मालक म्हणाले, "ताई, केबिनचे झाले. जिन्याचं भाडं कधी देताय?"