सॉर्टेक्स आधी सांगून आणायचं की आणल्यावर सांगायचं?

लातूरच्या डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग पाहून खराब दाणे वेगळे करणारं यंत्र, बसलं की खडे आणि डागी दाणे हातानं निवडणाऱ्या बायांचं काम आटतं. मालकापुढं वाट दोनच: चार महिने आधी सांगणं, किंवा यंत्र फिटिंग झाल्यावर.

खर्चात फारसा फरक नाही. कपातीला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार लागतोच. रोज ४०० रुपयांवर आठ वर्षं झालेल्या बाईचे ४८,००० होतात, ग्रॅच्युइटी वेगळी. मेख आहे वर्षात २४० दिवस काम भरण्याची. मधल्या खंडामुळं तेवढे दिवस न भरलेल्या बाईला ही भरपाई सहसा मिळत नाही. हजेरीपत्रक मालकाच्याच हातात असतं, त्यामुळं तिला काय द्यायचं हा कायद्याचा नव्हे, दानतीचा प्रश्न.

कामाच्या बाजूनं पाहिलं तर आधी सांगण्यात धोका आहे. चांगल्या निवडणाऱ्या बाया आधी निघून जातात आणि तुरीची आवक ऐन भरात असताना माल अडतो. यावर उपाय एकच, शेवटपर्यंत थांबणारीला ठरलेली जादा रक्कम, तीही लेखी.

वेळेच्या हिशेबात मात्र बायांची बाजू जड. दसऱ्याआधी कळलं तर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घ्यायची की दुसरं काम बघायचं, हे घरात ठरवता येतं. यंत्र बसल्यावर जानेवारीत कळलं तर दोन्ही हुकलेलं.

दहा-बारा जणी असतील आणि त्यातल्या दोघी-तिघींना यंत्रावर शिकवायचं असेल, तर आधीच सांगा. यंत्राचं कर्जच मंजूर नसेल, तर मंजुरीपर्यंत गप्प राहणं चालेल. पण कुणी तोंडावर विचारलं तर खोटं बोलू नका.