पाच-बाजूंचा रिफ्लेक्टर आणि त्याची दुर्लक्षित काळी बाजू: काही महिन्यांच्या वापरानंतर

फॅशन डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी फोटोग्राफीसाठी आधी काय घ्यावं असं विचारलं, की बहुतेक जण लेन्सवर येतात. मी रिफ्लेक्टर सांगते, म्हणजे उजेड हवा तिकडे परतवणारं कापडी साधन. घडी होणारा, गोल, पाच प्रकारे वापरता येणारा. गेले काही महिने टॉइलच्या (कपड्याच्या साध्या कापडात शिवलेल्या कच्च्या नमुन्याच्या) नोंदींपासून कलेक्शनच्या लुकबुकपर्यंत (तयार कपड्यांच्या फोटोंच्या पुस्तिकेपर्यंत) माझं सगळं काम त्याच्याच भरवशावर चाललंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारचे रिफ्लेक्टर रचनेत जवळपास सारखेच असतात.

माझा ११० सेंमीचा आहे. स्टीलच्या लवचिक कड्यावर ताणलेलं अर्धपारदर्शक पांढरं कापड, आणि त्यावर चेनचं कव्हर. कव्हर सुलट-उलट करून घातलं की चंदेरी, सोनेरी, पांढरी आणि काळी अशा चार बाजू मिळतात. कव्हर काढलं की पाचवा प्रकार, म्हणजे उजेड आरपार जाऊ देऊन मऊ करणारा डिफ्यूझर. पीळ देऊन घडी घातली की कड्याची तीन वेटोळी होतात आणि सगळं मूळ व्यासाच्या साधारण एक तृतीयांश पिशवीत मावतं. घडी घालणं सुरुवातीला कुस्तीच वाटते. दोन्ही हात विरुद्ध दिशेला फिरवायचे आणि कडं आत ढकलायचं, एवढंच आहे. उघडताना मात्र तोंड लांब ठेवा. ते फाटकन उघडतं.

आता मुद्द्याचं. सोबत आलेल्या कागदावर आणि बहुतेक व्हिडिओंमध्ये रिफ्लेक्टर म्हणजे सावली उजळण्याचं साधन. चेहऱ्यासाठी ते ठीकच आहे. पण आपल्याला कपडा दाखवायचा असतो, आणि कपड्याचा पोत, शिवण, चुणी, प्लीट हे सगळं सावलीमुळेच दिसतं. सावली पुसली की तीन आठवडे खपून घातलेल्या प्लीट्स फोटोत छापील रेघांसारख्या दिसतात. म्हणून माझी सर्वांत जास्त वापरलेली बाजू काळी आहे. उजेड एका बाजूने येऊ द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला काळी बाजू कपड्याच्या अगदी जवळ, फ्रेमच्या जरा बाहेर धरायची. खोलीच्या भिंतींवरून, छतावरून परतून येणारा उजेड ती गिळते आणि सावलीची बाजू गडद होते. याला निगेटिव्ह फिल म्हणतात. पांढऱ्या भिंतींच्या छोट्या खोलीत शूट करणाऱ्यांना याची गरज सर्वांत जास्त, कारण तिथे उजेड चहूबाजूंनी उसळत असतो.

याचा कस लागला तो टॉइलवर. कोऱ्या मलमलीच्या टॉइलला ना रंग, ना प्रिंट. डार्ट (आकारासाठी घातलेली निमुळती चिमट) कुठे संपतो, प्रिन्सेस लाइन (अंगाला आकार देणारी उभी शिवण) कशी वळते, बाहीच्या गोलाईत जास्तीचं कापड कसं मुरवलंय, हे परीक्षकांना फक्त सावलीतून वाचता येतं. ड्रेस फॉर्म (कपडा चढवायचा धडाचा पुतळा) खिडकीला काटकोनात ठेवायचा, काळी बाजू खिडकीच्या विरुद्ध अंगाला, आणि फॉर्म थोडा थोडा फिरवत फोटो घ्यायचे. प्रोसेस बुकमधली (कामाचे टप्पे नोंदवायच्या वहीतली) टॉइलची पानं यामुळे एकदम बोलकी झाली. बायस कटच्या (कापड तिरकं कापून केलेल्या) ड्रेपमध्ये तर फरक आणखी जाणवतो. कापडाचं पडणं, कंबरेखाली तयार होणाऱ्या लांब लाटा, सगळं वेगळं उठून येतं.

एकाच दिशेच्या उजेडावर किती उभं राहू शकतं याची शंका असेल, तर अमेरिकन फोटोग्राफर अर्व्हिंग पेनने १९५० साली पॅरिसमध्ये केलेले फॅशन फोटो बघा. नाटकाचा एक जुना पडदा मागे आणि दिवसाचा उजेड. आकार आणि काठ तिथे सावलीनेच उभे राहतात. मी ते फोटो कपड्यांसाठी बघत होते, रिफ्लेक्टर हातात आल्यावर सावल्यांसाठी बघायला लागले.

कापडागणिक अनुभव वेगळा आहे. सॅटिन जवळपास आरशासारखं वागतं: त्यावर जे चमकतं ते आजूबाजूच्या वस्तूंचं प्रतिबिंब असतं. तिथे पांढरी बाजू जवळ आणि तिरकी धरली की घडीवरून लांब, मऊ चमक उतरते. काळी बाजू लावली तर घडीच्या कडेला गडद रेघ येते आणि आकार पक्का होतो. मी बहुतेक वेळा एका बाजूला पांढरं पुठ्ठ्याचं पान आणि दुसऱ्या बाजूला काळा रिफ्लेक्टर असं करते. चंदेरी बाजू सॅटिनजवळ आणूच नका, कपड्यावर कर्कश पट्टे उमटतात.

काळ्या मखमलीला मात्र चंदेरीच लागते. मखमल उजेड पिऊन टाकते. समोरून कितीही उजेड टाकला तरी फोटोत काळा डाग. चंदेरी बाजू थोडी मागून, जवळपास बाजूच्या रेषेत धरली की तंतूंच्या टोकांवर उजेड अडतो आणि घडी दिसू लागते. शूटच्या आधी सगळ्या पॅनेलची (कपड्याच्या तुकड्यांची) लव, म्हणजे मखमलीचे उभे तंतू, एकाच दिशेने आहे ना हेही बघून घ्या. लव उलट गेलेला पॅनेल कॅमेऱ्यात वेगळ्याच छटेचा दिसतो आणि परीक्षकांना तो दुसऱ्या थानातला वाटतो.

पांढऱ्या ऑर्गेंझाला पांढऱ्याच पार्श्वभूमीवर घेताना कपड्याचा काठ हरवतो. इथे दोन्ही बाजूंना काळं लावायचं, म्हणजे पारदर्शक थरांच्या कडा बारीक गडद रेघेने आखल्या जातात. पांढऱ्या कपड्यात एक्स्पोजर थोडं वाढवावंही लागतं, कारण कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्याकडे ओढतो आणि पांढरा ड्रेस मळकट येतो.

सोनेरी बाजू. माझ्या मते फॅशनच्या विद्यार्थ्याला तिचा शून्य उपयोग. त्वचेला ऊब येते हे खरं, पण तुम्ही रंगवून आणलेली राखाडी-निळी छटा हिरवट होते, आणि मग एडिटिंगमध्ये त्वचा आणि कपडा वेगवेगळे सुधारत बसा. स्वॉच (कापडाचा नमुना-तुकडा) एक आणि फोटो दुसराच असेल तर प्रश्न तुम्हालाच विचारले जाणार. पांढरी बाजूही अगदी निर्दोष धरू नका. पांढऱ्या कापडांत बऱ्याचदा उजळपणा आणणारी रसायनं असतात, ती दिवसाच्या उजेडात किंचित निळसर झाक देतात. त्यामुळे रिफ्लेक्टर जागेवर धरल्यावरच ग्रे कार्डचा (रंग जुळवायला वापरायच्या करड्या कार्डाचा) फोटो घ्यायचा, आधी नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर पुढचं काम दोन मिनिटांचं.

डिफ्यूझर उन्हात सोन्यासारखा. भर दुपारच्या उन्हात डोक्यावर धरला की खालच्या कपड्यावरच्या कडक सावल्या विरघळतात. उजेड साधारण एक ते दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), ते आयएसओ किंवा शटरमध्ये भरून काढावं लागतं. मागची पार्श्वभूमी उन्हातच राहत असल्याने ती भगभगीत होते. मॉडेलला झाडीसमोर किंवा सावलीतल्या भिंतीसमोर उभं करा.

टिकाऊपणाबद्दल फार तक्रार नाही, पण थोडी आहे. चंदेरी बाजूला घडीच्या जागी सुरकुत्या पडल्यात आणि एका ठिकाणी वर्ख सुटतोय. चेन कापडाच्या काठात अडकते, ओढाताण केली तर शिवण उसवते. (शिवता येतं म्हणून मला काही वाटलं नाही. बाकीच्यांचं माहीत नाही.) कडं अजून शाबूत आहे, फक्त पूर्वीइतकं गोल राहिलेलं नाही.

खरी अडचण माणसाची. हा धरायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी दर दोन मिनिटांनी हात खाली करतं. एकटीने काम करताना मी खुर्चीच्या पाठीला क्लिपने अडकवते. अर्ध्या उंचीच्या फोटोंना तेवढं पुरतं. पूर्ण उंचीच्या लूकला ११० सेंमी कमी पडतं, घेराकडचा भाग सपाट राहतो. त्यासाठी माणसाच्या उंचीचे दोन फोम बोर्ड टेपने पुस्तकासारखे जोडून, एक बाजू मॅट काळी रंगवून उभे केले की काम भागतं. व्यावसायिक स्टुडिओत हेच व्ही-फ्लॅट म्हणून वापरतात.

८० सेंमीचा घेऊ का असं वर्गातल्या दोघींनी विचारलं. दागिने, पिशव्या, बूट, कॉलर-कफचे जवळचे फोटो एवढंच करायचं असेल तर जरूर घ्या, हाताळायला तोच सोपा. कपड्यांसाठी ११० सेंमीच्या खाली जाऊ नका. सोबत धरण्याचा दांडा आणि स्टँड घेणार असाल तर स्टँडच्या पायावर वजन ठेवायची सोय आहे का ते आधी बघा. बाहेर जरा वारा सुटला की हे शिडासारखं फुगतं, आणि शेजारी पिना लावलेला अर्धवट ड्रेस उभा असतो.