लेकीच्या घरासाठी वणव्याची योजना: 'माय फायर प्लॅन' कसा वाटला

लेक-जावई सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्समध्ये, स्प्रिंगवूडला राहतात. घरामागे निलगिरीचं रान. ऑक्टोबर २०१३ च्या वणव्यात याच स्प्रिंगवूड-विनमली पट्ट्यात सुमारे २०० घरं जळाली. आमच्या मुलुंडच्या डोंगरावरही उन्हाळ्याच्या तोंडाला गवत पेटतं, धूर खिडकीपर्यंत येतो. पण निलगिरीच्या पानांत तेल असतं, ती आग वेगळीच.

तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या रूरल फायर सर्व्हिसने, म्हणजे ग्रामीण अग्निशमन दलाने, घराघरासाठी 'माय फायर प्लॅन' ही फुकट ऑनलाइन सोय ठेवली आहे. एका रविवारी ती दोघं लॅपटॉपसमोर आणि मी व्हिडिओ कॉलवर, असे बसून आम्ही ती भरली.

मला सगळ्यात पटलं ते हे, की निघायचं कधी ते आधीच लिहून ठेवायचं. 'आग दिसली की बघू' हे उत्तर तिथे चालत नाही. धोक्याच्या चार श्रेणी आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटॅस्ट्रॉफिक. शेवटची जाहीर झाली तर घर कितीही सज्ज असो, थांबायचं नाही. जावई म्हणत होते, "आई, काळजी करू नका, मी पाइप घेऊन उभा राहीन." पण थांबणाऱ्याकडे काय काय लागतं ते वाचत गेलो, तसे ते गप्प झाले. वीज गेली की पंप बंद, नळाची धार बारीक. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात १७३ माणसं गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त घरातच. शेवटी जावयांनीच लिहिलं: एक्स्ट्रीम जाहीर झालं की सकाळीच पेनरिथच्या मित्राकडे. मला त्या दिवशी खरंच हायसं वाटलं.

दुसरी गोष्ट ठिणग्यांची. ज्वाळा लांब असल्या तरी वाऱ्यावर उडत आलेले निखारे घर पेटवतात. म्हणून पन्हळी साफ ठेवा, दाराशी काथ्याचं पायपुसणं नको, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह घराच्या उलट दिशेला हवा. लेकीने फोन धरून शिडीवरून दाखवलं, पन्हळीतून घमेलंभर वाळकी पानं निघाली.

सोबतचं 'हॅझर्ड्स निअर मी' हे अ‍ॅपही घ्या. आपला परिसर त्यात आखून ठेवला की तिथल्या आगीची सूचना येते. पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. आगीत मोबाईलचे टॉवर बंद पडू शकतात, म्हणून योजना कागदावर हवीच. आम्ही ती फ्रिजवर लावली, एक प्रत गाडीत. आम्ही दोघं तिकडे जातो तेव्हासाठी खाली हाताने भर घातली: यांच्या बीपीच्या गोळ्या, दोन्ही पासपोर्ट, आणि माझे गुडघे धरतात म्हणून अर्धा तास आधी निघणं.

ही योजना सुट्या घरांसाठी आहे, मुंबईच्या टॉवरला ती लावू नका. इथे लिफ्ट टाळून जिन्याने उतरणं आणि १०१ हेच खरं. मात्र ज्यांची मुलं तिकडे रानालगत राहतात त्यांनी वणव्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, त्याच्या आधी एक रविवार काढून मुलांबरोबर बसावं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला, कारण प्रश्न बरेच आहेत आणि एका बैठकीत भरताना थकवा येतो. दोन बैठकींत भरा.