एफएमआरआयप्रेप: गटप्रमुखाच्या खुर्चीतून

मेंदूच्या कार्यात्मक एमआरआयवर, म्हणजे मेंदूचे कोणते भाग कधी सक्रिय होतात हे टिपणाऱ्या स्कॅनवर, काम करणाऱ्या एका लहान संशोधन गटाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा अडचण स्कॅनरची नव्हती, स्कॅननंतरच्या कामाची होती. डोक्याच्या हालचालीची दुरुस्ती, प्रतिमांची जुळवणी, चुंबकीय क्षेत्रामुळे आलेली विकृती काढणे ही पूर्वप्रक्रिया प्रत्येक तंत्रज्ञ स्वतःच्या स्क्रिप्टने करत असे आणि तो रजेवर गेला की ती स्क्रिप्ट इतरांना उलगडत नसे. म्हणून आम्ही स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आलेली एफएमआरआयप्रेप ही मोफत, मुक्तस्रोत प्रणाली घेतली.

फ्रीसर्फर, एफएसएल, अँट्स, एएफएनआय या जुन्या, परिचित साधनांतले निवडक भाग तिने एका कंटेनरमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर तसेच्या तसे चालणाऱ्या गाठोड्यात, बांधून दिले आहेत, त्यामुळे सर्वांकडे एकच आवृत्ती चालते. शोधनिबंधात घालण्यासाठी कार्यपद्धतीचा मजकूरही ती तयार करून देते. तो कोणी लिहायचा, यावरून आमच्याकडे होणारी कुरबुर त्यामुळे थांबली.

माहिती मात्र ‘बिड्स’ या ठरलेल्या मांडणीतच द्यावी लागते. आमच्या काही जुन्या स्कॅनच्या जेसन फाइलींत, म्हणजे स्कॅनचा तपशील नोंदवणाऱ्या मजकूर-फाइलींत, मेंदूच्या प्रतिमेचा प्रत्येक काप कोणत्या क्षणी टिपला याची नोंद नव्हती. प्रणाली अशा वेळी थांबत नाही. ती कापांच्या वेळेची दुरुस्ती वगळून पुढे जाते आणि तसे अहवालात नमूद करते. ती ओळ आमच्या तंत्रज्ञ बाईंनी वाचली, मी वाचली नव्हती. वेळापत्रक आखताना मी संगणकाचे तास मोजले होते, अहवाल पाहणाऱ्या डोळ्यांचे नाही. ही चूक सर्वस्वी माझी. प्रत्येक सहभागी व्यक्तीमागे एक सचित्र अहवाल मिळतो, हीच या प्रणालीची सर्वांत मोलाची देणगी आहे, पण तो पाहण्यासाठी तंत्रज्ञाच्या आठवड्यात राखीव वेळ ठेवावा लागतो.

तक्रारीही आहेत. मेंदूच्या पृष्ठभागाची पुनर्रचना चालू ठेवली तर एका व्यक्तीच्या प्रक्रियेला कित्येक तास लागतात, आणि मधल्या टप्प्यांतल्या फाइली डिस्क भराभर भरून टाकतात. अनेक वर्षे चालणाऱ्या अभ्यासात मध्येच आवृत्ती बदलू नये. दीर्घकालीन देखभालीसाठी काढलेली २०.२ ही आवृत्त्यांची मालिका याच गरजेतून आली.

नव्या तंत्रज्ञाला आम्ही आता पहिल्या आठवड्यात आज्ञा शिकवत नाही. त्याला वीस जुने अहवाल पाहायला बसवतो, आणि त्यांतले तीन बिघडलेल्या स्कॅनचे, मुद्दाम निवडलेले असतात.