योजना ठरली, पैसा कुठून? गरीब देशांपुढच्या वाटांची तुलना

म्हाताऱ्यांना पेन्शन, सगळ्यांना परवडणारे उपचार, मुलांना शाळेत जेवण. मागणी कितीही रास्त असली तरी ती घेऊन गेलेल्यांना अर्थखातं पहिला प्रश्न विचारतं तो पैशाचा. ‘श्रीमंतांवर कर लावा’ या उत्तराला सभेत टाळ्या पडतात. पण जिथे बहुतेक लोक शेतीत नाहीतर असंघटित कामात आहेत आणि पगाराची स्लिप मूठभरांनाच मिळते, तिथे आयकर भरणारेच मोजके असतात. श्रीमंत देशांत कराचं जीडीपीशी (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाशी) प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास आहे. कितीतरी गरीब देश १५ टक्केही गाठत नाहीत.

मग उरतात त्या वाटा अशा: व्हॅट (वस्तू-सेवांच्या खरेदीवरचा कर), तेल-खनिजांचं उत्पन्न, तंबाखू-दारू, मोबाइल व्यवहार, अनुदानांत कपात, विम्याचे हप्ते, कर्ज आणि परदेशी मदत. यातली कोणती उचलून धरायची हे ज्यांना ठरवायचंय, त्यांच्यासाठी हा आढावा. माझा कल आधीच सांगून टाकतो. योजना जितकी वर्षं चालायची तितकी वर्षं तो पैसा येत राहील का, हे मी सगळ्यात आधी बघतो. कर कोणाच्या खिशातून जातो, हे त्यानंतर.

पेन्शन: गॅसच्या पैशातून की अंदाजपत्रकातून?

बोलिव्हियाने २००५ मध्ये तेल आणि वायूच्या उत्पादनावर ३२ टक्के थेट कर बसवला आणि २००८ पासून त्यातला ३० टक्के हिस्सा ‘रेंता दिग्निदाद’ या पेन्शनकडे वळवला. साठी गाठलेल्या प्रत्येकाला पैसे. ज्याला दुसरी पेन्शन नाही त्याला सुरुवातीला महिना २०० बोलिव्हियानो, ज्याला आहे त्याला १५०. गरिबीचा दाखला नको, हप्ते भरल्याचा पुरावा नको. बराचसा पैसा शेजारच्या देशांना विकलेल्या गॅसचा, त्यामुळे गरिबाच्या खिशाला हात लागत नाही. ऐकायला याहून चांगलं काय असणार?

दोन ठिकाणी मात्र घोडं अडलं. हा हिस्सा प्रांतांच्या वाट्यातून कापला गेला, तेव्हा पूर्वेकडचे गॅसवाले प्रांत २००८ मध्ये रस्त्यावर उतरले. पुढे २०१४ नंतर गॅसचे भाव कोसळले आणि उत्पादनही घटत गेलं. पेन्शन घेणाऱ्यांची संख्या काही भावाबरोबर घटत नाही.

नेपाळने उलट टोकाने सुरुवात केली. १९९५ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना महिना १०० रुपये, सरळ अंदाजपत्रकातून. रक्कम थट्टा वाटावी इतकी लहान, पण तिजोरीला झेपणारी. नंतर वयाची अट खाली येत गेली, रक्कम वर चढत गेली आणि २०२१ मध्ये ती ४००० रुपयांवर पोचली. सरकारं बदलतात, रक्कम वाढवण्याची चढाओढ लागते आणि कमी करायची कोणाची छाती होत नाही. लाभार्थ्याला हीच खात्री, अर्थखात्याला हीच डोकेदुखी.

लेसोथोनेही २००४ मध्ये ७० वर्षांवरच्यांना महिना १५० मलोती स्वतःच्या तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. पण त्या तिजोरीत फार मोठा वाटा दक्षिण आफ्रिकेसोबतच्या सीमाशुल्क संघातून (आयातीवरचा कर एकत्र गोळा करून वाटून घेणाऱ्या गटातून) येतो आणि २००८ च्या जागतिक मंदीनंतर तो धाडकन खाली आला. पेन्शन तगली, तोवर तिचा कायदा झालेला होता. तेव्हा ‘अंदाजपत्रकातून’ एवढं ऐकून निर्धास्त होऊ नका, अंदाजपत्रकात कशाकशाचा पैसा पडतो तेही विचारा.

निवड माझ्यावर आली तर आयुष्यभराची पेन्शन मी खनिजांच्या भावावर टांगणार नाही. तो पैसा एकदाच होणाऱ्या बांधकामांना किंवा राखीव निधीला जावा. बोत्सवानाने १९९४ मध्ये हिऱ्यांच्या पैशातून ‘पुला फंड’ उभारला तो याच विचाराने.

आरोग्य: घानाचा उपकर की थायलंडचा सामान्य कर?

घानाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण एकाच कराचं तिथे दोनदा वेगवेगळं स्वागत झालं. १९९५ मध्ये सरकारने एका झटक्यात १७.५ टक्के व्हॅट आणला. राजधानी अक्रात प्रचंड मोर्चे निघाले, त्यात माणसं मेली आणि काही महिन्यांतच कर मागे घ्यावा लागला. १९९८ मध्ये तोच व्हॅट १० टक्क्यांनी परत आला. २००० मध्ये त्यात अडीच टक्क्यांची भर पडली, ती शिक्षण निधीच्या नावाने. २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचा कायदा झाला आणि आणखी अडीच टक्क्यांचा आरोग्य उपकर, म्हणजे त्याच कामासाठीचा जादा कर, आला. बेरीज केली तर १५ टक्के, म्हणजे १९९५ मध्ये ज्यावरून रक्त सांडलं त्याच्या अगदी जवळ. कुरबुर झाली, पण कर टिकला. या वेळी भर टप्प्याटप्प्याने पडली आणि प्रत्येक टप्प्यावर पैसा कुठे जाणार ते सांगितलेलं होतं.

नाव विमा असलं तरी घानाची योजना हप्त्यांवर चालत नाही. मोठा हिस्सा या उपकराचा, त्याखालोखाल पगारदारांच्या सामाजिक सुरक्षा निधीतून वळवलेला भाग. असंघटित लोकांच्या हप्त्यांची रक्कम अगदीच किरकोळ. यातून एक सरळ धडा निघतो. हप्ते गोळा करून सार्वत्रिक विमा उभा करू असं कोणी म्हणालं, तर आधी त्या देशातल्या पगारदारांची संख्या विचारा.

आता दुसरी बाजू. दवाखान्यांची बिलं महिनोन्‌महिने थकणं ही घानाच्या योजनेची जुनी तक्रार आहे. त्यात २०१७ मध्ये कायदा झाला की ठराविक कामांच्या नावाने वेगळ्या ठेवलेल्या सगळ्या निधींना मिळून करउत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त पैसा जाऊ नये. म्हणजे आरोग्याच्या नावाने गोळा झालेला पैसाही दुसरीकडे वापरायची सोय झाली. उपकराच्या पावतीवर लोकांचा विश्वास असतो, पण ती पावती बदलायला साधं बहुमत पुरतं.

शिवाय व्हॅट गरीबही भरतो. इथिओपिया आणि टांझानियासारख्या देशांच्या अभ्यासांत असं दिसलंय की खरेदीवरचे कर वजा केले आणि मिळालेली रोख मदत धरली, तरी काही गरीब घरांच्या हातात आधीपेक्षा कमी पैसे उरतात. शाळा-दवाखान्यांचा फायदा त्यांना होतो हे खरं, पण फायदा मिळतो सेवेच्या रूपात आणि कर जातो रोख. त्यामुळे व्हॅट वाढवून योजना काढायची असेल तर कच्चं धान्य, भाजीपाला करातून वगळलाय का आणि तळाच्या घरांना थेट रक्कम मिळणार का, हे दोन्ही मुद्दे मागणीपत्रातच हवेत.

थायलंडने २००२ मध्ये दुसरा रस्ता धरला. सरकारी नोकर आणि पगारदार यांच्या योजना होत्याच. बाकी सगळ्यांसाठी एका भेटीला ३० बाथ भरून उपचार, खर्च सामान्य करातून. असंघटित लोकांकडून हप्ते वसूल करायच्या भानगडीत ते पडले नाहीत. तसं करायला गेलं की वसुलीचाच खर्च डोईजड होतो आणि आजारी माणूस तेवढा नाव नोंदवतो. देश पाचच वर्षांपूर्वी आर्थिक संकटात होरपळला होता, दरडोई उत्पन्न २००० डॉलरच्या आसपास होतं. तरी जमलं. मात्र दर माणशी किती पैसे द्यायचे यावर दरवर्षी अंदाजपत्रकात नव्याने भांडावं लागतं, आणि थायलंडचं करखातं तेव्हाही बऱ्याच गरीब देशांपेक्षा खूप पुढे होतं.

ज्या देशात सरकारच्या शब्दावर कोणाचा भरवसा नाही तिथे मी नाव लावलेला उपकर मागेन, सोबत तो दुसरीकडे वळवायला बंदी. करखातं बऱ्यापैकी चालत असेल आणि संसद जागी असेल, तर थायलंडचा रस्ता जास्त स्वच्छ.

सिगारेट की मोबाइल?

या तुलनेत मला फारसा विचार करावा लागत नाही.

फिलिपिन्समध्ये सिगारेटवरचा कर चार पायऱ्यांत होता आणि जुन्या ब्रँडची पायरी ठरायची ती चक्क १९९६ च्या किमतीवरून. २०१२ च्या ‘सिन टॅक्स’ (तंबाखू-दारूवरचा कर) कायद्याने ही गुंतागुंत संपवली. सिनेटमध्ये अंतिम मसुदा १० विरुद्ध ९ मतांनी निसटता पार पडला. सगळ्यात स्वस्त पाकिटावरचा कर २.७२ पेसोंवरून २०१३ मध्ये १२ पेसो झाला आणि २०१७ मध्ये सगळ्यांना एकच, ३० पेसो. वाढीव उत्पन्नातला काही भाग तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांना आणि बाकीच्यातला बहुतांश भाग आरोग्याला, मुख्यतः गरिबांच्या विम्याचे हप्ते सरकारने भरायला. तंबाखू शेतकऱ्यांच्या प्रांतांना वाटा देणं ही यातली राजकीय हुशारी. मर्यादा एवढीच की लोक सिगारेट सोडू लागले की उत्पन्न सपाट होतं. तेवढ्यासाठी कोणी रडू नये.

मोबाइल पैशावरचा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवण्या-काढण्यावरचा, कर मात्र कागदावर जितका सोपा तितकाच हातातून निसटणारा. युगांडाने जुलै २०१८ मध्ये मोबाइल मनीवर १ टक्का आणि सोशल मीडिया वापरायला दिवसाला २०० शिलिंग लावले. लोकांनी सोशल मीडियाचा कर चुकवायला व्हीपीएन (इंटरनेटवरचं आपलं ठिकाण लपवणारी ॲप) टाकले, रोखीकडे वळले. काही महिन्यांत पहिला कर अर्ध्या टक्क्यावर आणि फक्त पैसे काढण्यापुरता आला. घानाने तरीही मे २०२२ मध्ये १.५ टक्क्यांची ई-लेव्ही, म्हणजे असाच इलेक्ट्रॉनिक व्यवहारांवरचा कर, आणली. अंदाज होता सुमारे ६९० कोटी सेडींचा, त्याच वर्षी तो सुधारून ६१ कोटींच्या आसपास आणावा लागला. २०२५ मध्ये हा कर रद्द झाला. ज्यांच्याकडे बँक खातं नाही त्यांचाच पैसा सरकवण्याचा मार्ग महाग करायचा आणि वर त्याला कल्याणकारी योजनेचा आधार म्हणायचं, हे मला पटत नाही.

अनुदान कापून रोख द्यायची असेल तर

इंधनावरच्या अनुदानाचा मोठा भाग गाड्या असणाऱ्यांना मिळतो, म्हणून ते कापून गरिबांना रोख द्या, हा युक्तिवाद बरोबर आहे. सगळं अडतं ते क्रमावर. इराणने डिसेंबर २०१० मध्ये दर वाढवण्याआधीच लोकांच्या खात्यांत पैसे टाकले. रक्कम खात्यावर दिसायची, पण दरवाढीच्या दिवसापर्यंत काढता येत नव्हती. माणशी महिना ४५५००० रियाल. लोकांनी दरवाढ गिळली. पण रक्कम महागाईशी जोडलेली नव्हती, त्यामुळे पुढच्या दशकात ती जवळजवळ विरघळली. नायजेरियाने मे २०२३ मध्ये उलटं केलं: पेट्रोलचं अनुदान एका भाषणात संपलं, दर जवळपास तिप्पट झाले आणि मदतीची घोषणा, माघार, पुन्हा घोषणा असा घोळ चालू राहिला. इंडोनेशियाने २००५ मध्ये दरवाढीबरोबरच गरीब घरांना दर तीन महिन्यांनी ३००००० रुपिया वाटले. याद्यांत चुका होत्या, तरी पैसे पोचले. याद्या आणि खाती तयार नसतील तर या वाटेला जाऊच नका.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

परदेशी मदतीवर रोजचा खर्च बेतू नये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा एचआयव्हीच्या औषधांचे कार्यक्रम ठिकठिकाणी अडखळले. कर्जाचंही तेच: झांबिया २०२० मध्ये आणि घाना २०२२ मध्ये परतफेड करू शकले नाहीत. केनियात जून २०२४ मध्ये करवाढीचं विधेयक घेऊन सरकार आलं तेव्हा लोकांना दिसत होतं की पैसा जुन्या कर्जाच्या व्याजात जाणार. २५ जूनला संसदेत जमाव घुसला आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. झिम्बाब्वेचा एड्स उपकर, म्हणजे आयकरावर ३ टक्के, हा स्वतःच्या पैशाने औषधं घेण्याचा चांगला प्रयत्न. २००८ च्या महागाईत मात्र स्थानिक चलनातल्या त्या पैशाला किंमतच उरली नव्हती.

श्रीमंतांकडून घ्यायचंच असेल तर मालमत्ता कराकडे बघा. सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये पूर्वी फक्त क्षेत्रफळावर कर होता, त्यामुळे आलिशान बंगला आणि त्याच आकाराचं साधं घर सारखंच भरायचं. २०२० च्या सुमारास पालिकेने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून इमारती शोधल्या आणि बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींना, म्हणजे छप्पर, खिडक्या, समोरचा रस्ता यांना गुण देऊन कर ठरवला. नोंदलेल्या मालमत्ता दुपटीहून जास्त झाल्या. पण मोजणी, हरकती, वसुली यांत वर्षं जातात, आणि हा पैसा शहराचा असतो, देशाचा नसतो. म्हणून तो पेन्शनच्या पहिल्या वर्षाच्या हिशोबात धरू नका. शहरातल्या दवाखान्यांचा आणि शाळांचा रोजचा खर्च पुढेमागे केंद्राच्या डोक्यावरून उतरवायचा असेल, तर मोजणी मात्र आत्ताच सुरू करून घ्या.