गच्चीबोवलीतला फुटबॉल: संघ गेला, पण प्रेक्षकांना नावं ठेवू नका

आधी गुण सांगते, कारणं मागाहून. हैदराबादमधल्या गच्चीबोवलीच्या बालयोगी स्टेडियमवर फुटबॉल बघण्याच्या अनुभवाला पाचपैकी तीन. तिथल्या प्रेक्षकांना साडेचार. आणि सहा मोसम खेळवून 2025 मध्ये अख्खा हैदराबाद एफसी संघच दिल्लीला हलवणाऱ्या कारभाराला एक. ‘हैदराबादसारख्या मोठ्या शहरातसुद्धा फुटबॉल चालला नाही’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची औंधची. एफसी पुणे सिटीचे सामने बालेवाडीला जाऊन बघायचे. 2017-18 मध्ये आपला संघ उपांत्य फेरीत पोचला आणि बेंगळुरूत सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारून आपल्याला घरी पाठवलं, ते अजून जिव्हारी लागलेलं आहे. 2019 मध्ये पुण्याचा क्लब बंद पडला आणि इंडियन सुपर लीग (आयएसएल) या स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच सुमारास नोकरीमुळे मीही इथे आले. त्यामुळे 2 नोव्हेंबर 2019 ला हैदराबाद एफसीचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता, तेव्हा मी नव्या शहरात जुनीच माणसं बघायला गेले होते. केरळा ब्लास्टर्सविरुद्ध आधी स्टँकोविचची पेनल्टी, मग सामना संपत आलेला असताना मार्सेलिन्योची फ्री किक, आणि 2-1 ने विजय. दोघेही आदल्या मोसमापर्यंत पुण्याचे. प्रशिक्षक फिल ब्राउनसुद्धा पुण्याहूनच आलेले. अंगावरची जर्सी तेवढी बदलली होती.

आता स्टेडियमबद्दल. क्षमता साधारण तीस हजार, बांधणी मजबूत, खुर्च्या ठीक. मोठी अडचण एकच: मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. गोलपोस्टच्या मागे बसलात तर जवळच्या गोलपाशी काय चाललंय ते दिसतं आणि पलीकडच्या गोलवर नुसती ठिपक्यांची पळापळ. चेंडू जाळ्यात गेला की बाजूला, हे समोरच्या स्टँडमधली माणसं उठली की कळतं. बालेवाडीलाही ट्रॅक होता, पण तिथे स्टँड लहान असल्यामुळे इतकं जाणवायचं नाही. इथे मधल्या रेषेच्या समोर, तेही वरच्या ओळींत बसावं. खालच्या ओळीची तिकिटं घेऊन मुलांना ‘जवळून’ दाखवू म्हणणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

डेक्कन लीजन नावाचा समर्थकांचा गट ढोल घेऊन यायचा. त्यांच्या शेजारी बसलं की ट्रॅकचं अंतर विसरायला व्हायचं. संघ 3-0 ने मागे असला तरी ढोल थांबत नसे. केरळा ब्लास्टर्स आले की मात्र गंमत असे: त्यांचाही रंग पिवळा, आपलाही पिवळा, आणि आयटीत काम करणारी निम्मी केरळी मंडळी स्टेडियमात. कोण कुणाचा ते गोल झाल्यावरच समजायचं. पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत आणि मध्यंतरात स्टॉलवर रांग इतकी लांब की परत येईपर्यंत दुसऱ्या डावाची दहा मिनिटं गेलेली.

पहिल्या मोसमात संघ तळाला राहिला. तरी माणसं येत होती. मग कोविड आला आणि 2020-21 आणि 2021-22 हे दोन्ही मोसम सगळेच्या सगळे गोव्यात, बायोबबलमध्ये झाले. इथेच खरी मेख आहे, आणि शहराला दोष देणारे नेमकं हेच विसरतात. प्रशिक्षक मानोलो मार्केझने संघ बांधला तो याच दोन वर्षांत. स्ट्रायकर ओगबेचेने 2021-22 मध्ये 18 गोल केले. 20 मार्च 2022 ला गोव्यातल्या फातोर्ड्यात अंतिम सामना झाला. केरळा एका गोलने पुढे असताना साहिल तावोराने दुरून अशी व्हॉली मारली की मी घरी सोफ्यावरून ओरडत उठले. पुढे पेनल्ट्यांमध्ये गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन अडवल्या आणि हैदराबाद विजेता झालं. तावोरा गोव्याचा, कट्टीमनीही गोव्याचा. ज्या वर्षी संघ आयएसएलचा विजेता ठरला, त्या वर्षी हैदराबादकरांना आपल्या मैदानावर त्याचा एकही सामना बघायला मिळाला नाही! माणूस संघाशी बांधला जातो तो जिंकणाऱ्या वर्षात, मैदानावर जाऊन. ते वर्ष या शहराच्या वाट्याला आलंच नाही.

2022-23 मध्ये प्रेक्षक परतले, संघही चांगला खेळला, उपांत्य फेरीत पेनल्ट्यांवर हरला. म्हणजे प्रेक्षक आणि चांगला संघ एकत्र, असा धड एकच मोसम मिळाला. पुढच्या वर्षी सगळं ढासळलं. खेळाडूंचे पैसे थकले, फिफाने नवे खेळाडू घेण्यावर बंदी घातली, एकेक जण सोडून गेला. 2023-24 मध्ये 22 पैकी एक सामना जिंकला. तरुण पोरं जीव तोडून खेळत होती आणि स्टँड रिकामे होते, हे खरं आहे. पण पगार न मिळालेला संघ बघायला लोक आले नाहीत म्हणून शहर नापास, हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट शहराबाहेरच्यांना माहीत नसते. हैदराबादचा फुटबॉल गच्चीबोवलीत जन्मलेला नाही. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. नामवंत फुटबॉलपटू तुलसीदास बलराम सिकंदराबादचे. फुटबॉल ज्यांच्या घरात आहे ती कुटुंबं जुन्या शहरात आणि सिकंदराबादेत राहतात, आणि मैदान पार पश्चिमेच्या टोकाला, आयटी कंपन्यांच्या गराड्यात. मेट्रो रायदुर्गला संपते, पुढे रिक्षा. संध्याकाळी साडेसातच्या सामन्याला कामाच्या दिवशी तिकडून यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. एकदा शेजारी बसलेले सिकंदराबादचे एक चाचा म्हणाले, “बेटा, हमारे ज़माने में लाल बहादुर में पाँव रखने की जगा नै रहती थी.” लाल बहादुर शास्त्री स्टेडियम बशीरबागेत, शहराच्या मध्यात आहे. चाचा दोन बस बदलून आले होते आणि शेवटची बस चुकू नये म्हणून सामना संपायच्या आधीच निघाले.

शहराला फुटबॉल नको असता तर नोव्हेंबर 2024 मध्ये भारत-मलेशिया सामन्याला इथे जो आवाज झाला तो झाला नसता. मार्केझ भारताचे प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर परत आले होते. ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने हेडर मारून 1-1 केलं, तेव्हा माझ्या पुढच्या ओळीतली कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी होती. त्यातल्या दोघांच्या अंगात हैदराबाद एफसीची जुनी पिवळी जर्सी होती.

आता संघ स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला आहे. लोक म्हणतात, राजधानी आहे, एवढी लोकसंख्या, तिथे चालेल. पण याच दिल्लीतून 2019 मध्ये दिल्ली डायनामोज उठून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. लोकसंख्येचा आकडा मोठा असून काय उपयोग? दर वर्षी त्याच जागी, त्याच नावाने संघ असेल ही खात्री लागते, वेळेवर पगार लागतो आणि कामावरून सुटून पोचता येईल असं मैदान लागतं. पुण्याला पाच मोसम मिळाले, हैदराबादला सहा, आणि त्यातले दोन गोव्यात.

दिल्लीतल्या मराठी मंडळींना सांगेन, जरूर जा, मुलांना न्या, जर्सी घ्या. खेळाडूंना याची गरज आहे. मोसमभराचा पास मात्र पहिल्याच वर्षी काढू नका. सामन्यागणिक तिकीट घ्या आणि पुढच्या मोसमातही मैदान तेच आहे ना, ते बघून मग पैसे गुंतवा. हैदराबादेत असाल तर गच्चीबोवलीत भारताचा सामना जाहीर झाला की मधल्या स्टँडचं वरचं तिकीट काढा, ढोलवाल्यांच्या जितकं जवळ मिळेल तितकं बरं, आणि पाणी आत जायच्या आधीच पिऊन घ्या.